उशिराचं हसू

आमच्या संस्थेच्या खानावळीत विनोद सांगायला बंदी नव्हती, पण सांगणाऱ्याची फार कुचंबणा व्हायची. आम्ही दहाबारा संशोधक विद्यार्थी लांब टेबलाशी वरण-भात जेवत बसलेले असायचो. कुणीतरी भन्नाट काहीतरी सांगायचं आणि बाकीचे मयताच्या घरी बसल्यासारखे त्याच्याकडे बघत म्हणायचे, "वा, मस्त होता." मग पुन्हा वरण-भात. आत मात्र खरंच हसू फुटलेलं असायचं, पोट दुखेपर्यंत. आमचा पहिला स्वयंपाकी महिनाभरात पळाला. गावात जाऊन म्हणाला म्हणे, "तिथं रोज कोणीतरी मरते वाटते बाप्पा."

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आमची तोंडं बंद करण्यात आली होती, आणि ती आम्ही आपखुशीने, अर्ज करून, मुलाखती देऊन बंद करून घेतली होती.

मी ऊर्मिला टेंभुर्णे. वर्ध्याजवळच्या बालमेंदू संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. मूळची पवनीची. शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, "ऊर्मिलेच्या तोंडावर सगळं छापून येतं." मला गप्प बसायला सांगितलं तरी माझं तोंड बोलतच राहायचं. अशा मुलीला ह्या कामासाठी निवडलं, म्हणजे निवडणाऱ्यांचीही कमाल आहे.

काम काय होतं ते सांगते. तान्ह्या बाळाची कवटी पातळ असते. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा मंद उजेड तिच्यातून बोटभर आत जाऊन परत येऊ शकतो. मेंदूचा जो कोपरा कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि ताज्या रक्तावरून परतलेला उजेड जरा वेगळा असतो. तेवढ्या फरकावरून कुठला कोपरा जागा झाला ते कळतं. ही विद्या जुनीच. आम्ही तिचं टोपडं केलं होतं. मऊ सुती, गळ्याखाली बंद बांधायचं, आजीने शिवल्यासारखं. ते घालून बाळ मांडीवर बसलं की आम्ही त्याला आवाज ऐकवायचो, खेळणं दाखवायचो, लपवायचो आणि मेंदू बघायचो. काही बाळांच्या कानापर्यंत आवाज नीट पोचतो, पण पुढे मेंदूत जाताना वाटेत अडखळतो. ती मुलं बोलायला शिकत नाहीत, आणि हे घरच्यांना कळतं तेव्हा मूल तीन वर्षांचं झालेलं असतं. दीड वर्षाच्या आत सापडलं तर रोजच्या सरावाने ती वाट मोकळी करता येते. टोपड्याने ते सापडत होतं. सेलू-हिंगणघाटकडच्या गावांतली कितीतरी मुलं आज आईला हाक मारतात ती ह्यामुळे, आणि ह्याचा मला अभिमान आहे.

घोडं अडलं होतं ते तपासणाऱ्यापाशी. बाळ आवाज ऐकतं तेव्हा समोरच्या माणसाचं तोंडही वाचत असतं. आपल्या भुवईचा केस हलला तरी त्याच्या मेंदूत दिवे लागतात. एका परीक्षकाकडे बाळ हुशार ठरायचं आणि दुसऱ्याकडे मंद, कारण पहिला हसरा होता. पडद्यावरचा चेहरा दाखवून पाहिला, तर बाळं कंटाळली. रबरी तोंडाचा यंत्रमानव आणला, तर त्यांनी टाहो फोडला. समोर जिवंत माणूसच हवा होता, पण न बदलणारा.

म्हणून आमचं प्रशिक्षण. दोन भुवयांच्या मध्ये एक आणि गालांवर दोन, कातडीच्या रंगाच्या चकत्या चिकटवायच्या. आम्ही त्यांना टिकल्या म्हणायचो. हसू उमटण्याआधी मेंदूकडून गालाच्या स्नायूला हुकूम जातो. टिकली तो वाटेतच पकडते आणि बारीक चिमटा काढते. पहिले काही महिने टिकल्या दिवसभर चावायच्या. मग कमी. वर्षभराने त्या काढल्या तरी चेहरा हलत नाही, कारण तोवर मेंदूने ती वाटच बंद केलेली असते. ओठ मुद्दाम ताणता येतात, पण ते दात दाखवल्यासारखं होतं, आणि बाळं फसत नाहीत. आतलं काही कमी होत नाही. राग, माया, गंमत सगळं पूर्वीसारखंच उसळतं, पण बाहेर यायला दार सापडत नाही.

'निश्चल परीक्षक' ह्या परीक्षेत मी पहिली आले. बाबांनी पवनीत पेढे वाटले.

रुणूचा जन्म त्यानंतरचा. नर्सने तिला माझ्या छातीवर ठेवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मुलगा पाहिजे होता का वो?" आनंदाने माझा जीव फुटायची वेळ आली होती. मी तिला तसं सांगितलंही. तिने मान हलवली, पण तिला ते खरं वाटलं नसावं.

*

माझ्याकडच्या बाळांत वेदू मेश्राम होता. सेलूपलीकडच्या एका गावातून त्याची आई प्रणाली महिन्याच्या महिन्याला बसने यायची. येताना ओल्या शेंगा नाहीतर हरभऱ्याचे टहाळे आणायची. वेदू वर्षाचा, गुटगुटीत, दोनच दात आलेला, दिसेल ते दुसऱ्याच्या तोंडात कोंबणारा. त्याच्या आलेखात मला तो अडखळा दिसत होता, पण पक्कं सांगायला अजून दोन तपासण्या हव्या होत्या.

"ताई, एक विचारू का?" प्रणाली एकदा टोपड्याचे बंद सोडता सोडता म्हणाली. "लेकराकडं पाहून तुम्ही कधी हासत काहून नाही वो?"

"नियम आहे आमचा."

"असा कसा नियम बाप्पा! अन् घरी? घरी तर हासता ना?"

मी तिच्या हातात पुढच्या महिन्याची चिठ्ठी दिली. तिनेच वेदूच्या पोटात तोंड खुपसून भुर्रर्र केलं आणि तो खिदळला. मी नोंद करत असल्यासारखी खाली बघत राहिले.

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी रुणूचं बोरन्हाण होतं. ती नऊ महिन्यांची. सासूबाईंनी काळं झबलं शिवलं होतं, हलव्याचा मुकुट केला होता, शेजारच्या बायका-मुलांनी ओसरी भरली होती. रुणूला पाटावर बसवलं. सासूबाईंनी बोरं, मुरमुरे, हलवा, उसाचे करवे भरलेलं भांडं तिच्या डोक्यावर धरलं. पोरंटोरं लुटायला टपून बसली होती.

ह्या वयाच्या बाळाला नवीन काही झालं की घाबरायचं की हसायचं हे ते स्वतः ठरवत नाही. ते आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसली तर मजा, आई दचकली तर रडं. मी हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते.

भांडं कलंडलं. बोरं धाडधाड तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून उडाली, मुलांनी एकच गिल्ला केला, आणि रुणूने माझ्याकडे बघितलं.

मी आतून म्हणत होते, हस गं सोन्या, गंमत आहे, हस. मी ओठ ताणले. ते दात तिला ओळखीचे होते. तिने क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली. ती रडली नाही. हसली नाही. हातात पडलेल्या बोराकडेही तिने पाहिलं नाही. मुकुट तिरपा झालेला, अंगावर मुरमुरे, आणि चेहरा अगदी गुळगुळीत. तसा चेहरा मी रोज आरशात बघते.

"काय गुणी पोट्टी हाय माय!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "आमच्या नातवानं तर घर डोक्यावर घेतलं होतं."

"आईवर गेली," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "लय गंभीर."

सगळ्यांनी तिची दृष्ट काढली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. भीती म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या भीतीचाही माझ्या तोंडावर मागमूस नव्हता. हेमराज, माझा नवरा, वीज कंपनीत आहे, घरात कुठे ठिणगी उडाली तर त्याला आधी कळतं. तो मागे येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"रुणू माझ्याकडे बघत नाही, हेमराज."

"बघते की. आत्ताच तर बघितलं."

"बघितलं आणि सोडून दिलं. तिला कळलंय की इथे काही मिळत नाही."

त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. "मलेही कधी कधी तसंच वाटते," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी मी रुणूला आणि सासूबाईंना संस्थेत नेलं. माझे मार्गदर्शक डॉ. देवपुजारी ह्यांनी स्वतः तिला टोपडं घातलं. पन्नाशीचे सर. टिकल्यांचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला होता, आमच्या सगळ्यांच्या आधी. सासूबाईंना समोर बसवलं तेव्हा रुणूच्या मेंदूत वाट बघण्याचा जो कोपरा असतो तो लख्ख उजळला. मग त्या बाजूला झाल्या आणि मी बसले. कोपरा उजळला. आणि पाठोपाठ विझला, आपण होऊन. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. माझी नऊ महिन्यांची मुलगी माझ्याकडून काही अपेक्षा करायची नाही हे शिकली होती, आणि अभ्यासू होती, चांगलं शिकली होती.

सरांनी पडद्यावरचा आलेख मागे नेऊन पुन्हा बघितला. "हे कुणी मोजलेलं नाही," ते म्हणाले.

"सर, ती माझी मुलगी आहे. प्रबंधातलं प्रकरण नाही."

"माहीत आहे मला." त्यांचा आवाज मऊ होता. आमच्यात आवाजावरूनच ओळखायचं असतं. "माझा अंशुमन लहान असताना त्याच्या आईला विचारत होता, बाबांना मी आवडत नाही का. मी दाराआड उभा होतो. आत जावंसं वाटलं. पण आत जाऊन काय दाखवणार होतो? हेच तोंड. आता तो पुण्याला असतो. फोनवर बरं बोलतो माझ्याशी."

"ह्यातून परत यायचा रस्ता काय?"

"टिकल्या उलट्या लावायच्या. तोंड निश्चल राहिलं की चिमटा. काही महिन्यांत वाट मोकळी होईल, असं वाटतं. वाटतं म्हणतोय. आपण जायचा रस्ता बांधला, यायचा बांधायचा राहूनच गेला." त्यांनी टोपड्याची घडी घातली. "पण एकदा सैल पडलीस की तपासणीला बसता येणार नाही. आणि वेदूच्या दोन तपासण्या राहिल्या आहेत."

मला तेच नको होतं ऐकायला. बाळाचा आलेख एकाच परीक्षकाच्या चेहऱ्यावर बेतलेला असतो. परीक्षक बदलला की सगळं पहिल्यापासून, आणि त्यात सहा महिने जातात. वेदू तोवर दीड वर्षाचा होऊन गेला असता. मग सापडूनही उपयोग नव्हता. मी आत्ता उठून गेले तर प्रणालीचा मुलगा मुका राहणार होता, आणि उठले नाही तर माझी मुलगी माझ्याकडे बघायची कायमची थांबणार होती. कुठल्याही बाजूला पाय टाकला तरी तो एका बाळावरच पडत होता.

"दोन्ही करते," मी म्हणाले. "इथे निश्चल, घरी टिकल्या उलट्या. दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मेंदू दोन तोंडं ठेवत नाही, ऊर्मिला. तो मधे फाटक बसवेल. प्रत्येक हसू आधी विचारेल, आत्ता जाऊ का?"

"विचारू दे. विचारून का होईना, येईल तर."

सरांनी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं मला आता वाटतं. पण घातला असता तरी मी ऐकलं असतं असं नाही.

*

घरी आल्यावर मी टिकल्या लावायची. सासूबाईंना चामडीचं औषध म्हणून सांगितलं. तोंड जरा स्वस्थ राहिलं की चिमटा. भाकरी थापताना चिमटा, पेपर वाचताना चिमटा. हेमराजने मनावर घेतलं. त्याच्या साहेबाची नक्कल, माकडाची उडी, डोक्यावर उशी घेऊन नाच, सगळं केलं. "एवढं तर मी लग्नाच्या आधीही नाही केलं तुझ्यासाठी," तो धापा टाकत म्हणाला.

तीनेक आठवड्यांनी ते आलं. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. रुणू खाली बसून डब्यांशी खेळत होती. तिने एक वाटी उचलली, टोपीसारखी डोक्यावर पालथी घातली आणि वर बघितलं. इतकी वेडी दिसत होती! माझ्या पोटात हसू फुटलं. तिने बघितलं, नेहमीसारखी नजर काढली, वाटी काढून टाकली, पाठ फिरवून रांगायला लागली. आणि मग माझे गाल हलले. डोळे बारीक झाले. खरं हसू, दोन वर्षांनी. मी तसंच ते तोंडावर घेऊन बसले. गिऱ्हाईक निघून गेल्यावर दुकान उघडलं होतं.

सरांनी मोजलं. फाटक बसलं होतं. माझ्या मनात गंमत उमटल्यापासून ती तोंडावर यायला पाच-सहा सेकंद लागत होते. मोठ्यांना हे चालून जातं, फार तर माणूस जरा मठ्ठ वाटतो. बाळाचं तसं नसतं. आपण काही केलं आणि जवळजवळ लगेच समोरून उत्तर आलं, तरच ते उत्तर आपल्याला होतं हे बाळाला कळतं. नंतर आलेलं हसू त्याच्या लेखी कुणाचंच नसतं. खिडकीतून ऊन आलं, तसं.

"आत्ता थांबलीस तर कदाचित..." सर म्हणाले.

"वेदूची शेवटची तपासणी पंधरवड्यावर आहे."

*

शेवटच्या तपासणीत वेदूने मला छळलं. माझ्यासमोर बसून त्याने चमचा उचलला, माझ्या तोंडाशी आणला आणि स्वतःच आ केला, मला भरवताना. हसू फाटकापर्यंत धावत आलेलं मला कळलं. दारावर धडका देत होतं. मी म्हटलं, नाही, आत्ता नाही. ते थांबलं. इतक्या आज्ञाधारकपणे थांबलं की माझ्या अंगावर काटा आला.

आलेख पुरा झाला. अडखळा पक्का होता, आणि वेळेत सापडला होता. दुसऱ्याच दिवसापासून सराव सुरू करता येणार होता. मी प्रणालीला समजावून सांगितलं. ती आधी घाबरली, मग तिला कळलं की मुलगा बोलेल, आणि ती वेदूला छातीशी धरून रडायला लागली. मी तिचा हात हातात धरला. मला म्हणायचं होतं की बाई, मलाही रडू येतंय. ती डोळे पुसून, वेदूला कडेवर घेऊन बाहेर गेली. दार लागलं आणि मग माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रिकाम्या खुर्चीसमोर बसून मी ते रडणं पुरं केलं.

त्याच दिवशी मी परीक्षकाचं काम सोडलं. माझी बाकीची बाळं लहान होती, त्यांना नवा परीक्षक चालणार होता. प्रबंध दुसऱ्यांच्या आलेखांवर लिहायचा असं सरांनी ठरवून दिलं. मी दिवसभर टिकल्या उलट्या लावून बसायला लागले. खानावळीत मी एकटी हसायची, ते सुद्धा विनोद संपून पुढची भाजी वाढून झाल्यावर. सगळे माझ्याकडे बघायचे आणि त्यांच्या बघण्यात असूया होती.

पण फाटक हललं नाही. सर दर महिन्याला मोजायचे आणि आकडा तिथेच असायचा. शेवटी मीच म्हटलं, "नका मोजू आता."

*

जूनमधली गोष्ट. शनिवारची दुपार. रुणू सव्वा वर्षाची, भिंतीला धरून चालणारी. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. तिने पुन्हा ती वाटी डोक्यावर घातली आणि माझ्याकडे बघितलं. मला गंमत वाटली आणि मी मनातच वाट बघू लागले, आता ही वळणार.

ती वळली नाही. वाटी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बघत. श्वास धरल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण ती गेली नाही. आणि मग माझं हसू आलं, आणि ते बघून ती असं काही किंचाळून हसली की वाटी गडगडत पार उंबऱ्यापर्यंत गेली.

मी तिला उचललं. तिचे गाल, मान, पोट, जिथे तोंड पोचेल तिथे पापे घेतले. मला आयुष्यात एवढा आनंद झालेला नाही. माझी मुलगी माझ्याकडे वळली होती.

"जमलं बाई मायलेकीचं," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. म्हणजे त्यांनाही सगळं कळत होतं, इतके दिवस नुसत्या बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर तो आमचा खेळच झाला. तिने काही करायचं, थांबायचं, मी हसायचं, मग तिने. मी इतकी सुखात होते की तिने हे थांबणं कुठून आणलं, हा प्रश्न मला पडला नाही. दुसऱ्या कुणाच्या बाळाबद्दल असता तर पहिल्या दिवशी पडला असता.

*

दसऱ्याला प्रणाली आली. नवऱ्याच्या गाडीवरून, वेदूला घेऊन, आपट्याची पानं घेऊन. वेदूने येऊन माझ्या हातावर पान ठेवलं. "थोनं," तो म्हणाला.

"ऐकलं का ताई? सोनं म्हणते! आता तोंड बंदच होत नाही याचं. कोंबडीले हाक मारते, गायीले हाक मारते, बापाले तर नावानं हाक मारते." ती माझ्याकडे निरखून बघायला लागली, आणि तेवढ्यात माझं हसू येऊन पोचलं. "अगं माय! ताई, तुम्ही तर हासता!"

"हसते की."

"किती गोड दिसता वो. उगीच लपवून ठेवलं होतं."

हेमराज आणि तिचा नवरा अंगणात गाडीबद्दल बोलत होते. सासूबाई चहा घेऊन आल्या. प्रणालीने दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि तोंडावर पदर ओढला.

"बुवा... कुक्!"

वेदू खदखदून हसला. पदर पुरता खाली यायच्या आत हसला. किती सरळ गोष्ट असते ती. समोर काही होतं आणि आपण हसतो.

रुणू बघत राहिली.

"बुवा... कुक्!" प्रणालीने खास तिच्यासाठी केलं, अगदी जवळ जाऊन, डोळे मोठे करून. वेदू पुन्हा हसला. रुणू नुसती बघत होती, तोंड गुळगुळीत. प्रणालीने जरा वाट बघितली.

"लाजते वाटते," ती म्हणाली.

"मोठी होईन तशी खुलेन," सासूबाई म्हणाल्या. प्रणाली पदर सावरून चहाच्या कपाकडे वळली.

आणि मग रुणू हसली. मोकळं, खरं, पोटातून आलेलं हसू, प्रणालीच्या पाठीला. कुणी बघितलं नाही. प्रणाली कपात फुंकर घालत होती, सासूबाई वेदूला बिस्कीट देत होत्या. रुणूने इकडे तिकडे बघितलं, आपल्या हसण्याला कुणी घेतलं का ते शोधलं, आणि तिचा चेहरा पुन्हा मिटायला लागला.

माझ्या हातातलं आपट्याचं पान चुरगळलं. तिचं कुठलं फाटक बंद नव्हतं, तिला कुणी टिकल्या लावल्या नव्हत्या. तिने माझा वेळ शिकून घेतला होता. सगळ्या जगाचा वेळ सोडून माझा शिकून घेतला होता, कारण आई तिथे भेटते. मी इतके महिने आतून दारावर धडका देत होते की मला बाहेर येऊन तिला भेटू दे. आणि ही एवढीशी पोर मला भेटायला आत येऊन बसली होती.

तिने माझ्याकडे बघितलं. वाट बघत.

तिच्याकडे पाठ फिरवून निघून जावं, म्हणजे ती पुन्हा आजीकडून, प्रणालीकडून, वेदूकडून खरा वेळ शिकेल, हे मला त्या क्षणी सुचलं. आजही सुचतं. पण मगाची ती गंमत, तो पदर, ते 'कुक्', ते माझ्या फाटकातून आत्ता कुठे बाहेर पडत होतं. माझे गाल हलले. तिचा चेहरा उघडला. आम्ही दोघी अगदी एकाच वेळी हसायला लागलो, आणि मला ते थांबवता येईना.

प्रणालीने कप खाली ठेवून मागे वळून बघितलं. "कायच्यावर हासून राहिल्या वो दोघी मायलेकी?"

रुणू माझ्याकडे बघून हसत होती, मी तिच्याकडे बघून. बाकी सगळ्यांचं हसून झालं होतं.